मोंबासाची काठी

भोगीच्या भाजीत मोगो नसतो, हे मला वयाच्या अकराव्या वर्षी सोलापुरात कळलं, आणि तेही भरल्या पंगतीत. मोगो म्हणजे आफ्रिकेतला एक कंद, आपल्या रताळ्याचा थोरला भाऊ म्हणा ना. मोंबासात ओल्या हरभऱ्याचे सोलाणे मिळायचे नाहीत, बोरं तर कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. मग माझी आई भोगीला मोगोच्या फोडी, चवळीच्या शेंगा, वांगी आणि भरपूर तिळाचं कूट घालून भाजी करायची. मी जन्मल्यापासून तीच भोगीची भाजी खात आले होते. त्या दिवशी सोलापुरात काकांच्या घरी माझ्या ताटात खरी भाजी पडली. गाजर, घेवडा, सोलाणे, बोरं, वर तिळाचा वास. मी बोटांनी सगळी भाजी उपसून पाहिली आणि मोठ्यानं विचारलं, "ह्यात मोगो कुठाय?" मोगो काय असतं ते आईनं मान खाली घालून सांगितलं, आणि पंगत जी हसत सुटली ती थांबेना. मला इतका राग आला की भाकरी तशीच टाकून उठावंसं वाटलं. पण भूक होती, त्यामुळे बसले. आज ऐंशी उलटलेल्या बाईनं भाजीवरून रुसू नये, पण खरं सांगते, ते हसणं मला अजून आवडलेलं नाही.

आईला मी अव्वा म्हणायची. आमचं घराणं सोलापूरच्या बाळीवेशीतलं, वीरशैव, भुसारीचं दुकान. घरात मराठी आणि कानडी पिठामिठासारखी एकमेकींत कालवलेली. त्यामुळे वडील ते अप्पा, त्यांचे मोठे भाऊ ते मराठीत काका, आणि त्याच काकांची बायको मात्र कानडीत दोड्डव्वा, म्हणजे मोठी आई. असं का, ते कुणी कधी विचारलं नाही. अप्पा दुकानात रमले नाहीत. कुणाच्या तरी ओळखीनं मोंबासाला रेल्वेच्या गोदामात कारकून म्हणून गेले, मग अव्वाला बोलावून घेतलं, आणि मी तिकडंच जन्मले. तिकडं गेल्यापासून अव्वानं बारा वर्षं सोलापूर पाहिलं नव्हतं. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एरवी ती सोलापुरातच राहायची.

हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या घरात एकच घड्याळ होतं, गजराचं, आणि ते अव्वानं सोलापूरच्या वेळेवर लावून ठेवलं होतं. अप्पा कामावर जाताना त्यातून अडीच तास वजा करायचे. "अहो, घरात एक घड्याळ तरी आपल्या गावचं असू द्या की," ती म्हणायची. भाकरी थापता थापता तिची नजर त्या घड्याळाकडं जायची आणि ती मला सांगायची, आता काका दुकानाची फळी उघडत असतील, आता दोड्डव्वा शेंगा भाजायला बसली असंल. तिचं तिकडच्या हवेशी कायमचं वैर होतं. सोलापूरची कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते. मोंबासात समुद्राच्या दमट वाऱ्यानं तीच भाकरी संध्याकाळपर्यंत लोळागोळा व्हायची, आणि अव्वा त्या वाऱ्याला कानडीत शिव्या द्यायची. देवाशी ती मराठीत बोलायची, भांडायची कानडीत, आणि बाजारात मोडक्यातोडक्या स्वाहिलीत असा काही भाव पाडायची की भाजीवाल्या तिला बघून टोपली झाकून घ्यायच्या. आमची चाळ रेल्वेची, पत्र्याची. पाऊस आला की एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. अंगणात एक वाकडं नारळाचं झाड होतं, आणि पलीकडं खाडी.

संक्रांत जवळ आली की अव्वा गप्प व्हायची. सोलापूरच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. संक्रांतीला सोलापुरात सिद्धरामेश्वरांची जत्रा भरते. आम्ही तिला गड्डा म्हणतो. उंचच्या उंच सजवलेल्या सात काठ्या, म्हणजे नंदीध्वज, गावातून मिरवत नेतात. एकेक माणूस कमरेच्या पट्ट्यात काठीचा बुंधा धरून, ती सरळ उभी तोलत चालतो. बाराबंदी घातलेली हजारो माणसं "हर्र बोला हर्र" म्हणतात. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तळ्याकाठी अक्षता पडतात. सिद्धरामांवर जीव जडलेल्या कुंभाराच्या लेकीचं त्यांच्या योगदंडाशी लग्न लागतं. अव्वा माहेरची दुधनी गावची. लग्न होऊन बाळीवेशीत आली ती मार्गशीर्षात, आणि पहिल्याच गड्ड्याला त्या अक्षता टाकताना आपण सोलापूरच्या झालो असं तिला वाटलं, असं ती म्हणायची. मोंबासाच्या पहिल्या संक्रांतीला ती दिवसभर रडली. अप्पा घाबरले. चाळीत आणि आसपास सोलापूरकडची जी म्हणून माणसं होती ती त्यांनी गोळा केली, आणि खाडीतल्या झाडाचा एक सरळ वासा आणून त्याची काठी केली. सात काठ्यांची एकच.

माणसं किती, तर सात. अप्पा. मोहोळचा फिटर मल्लण्णा. बार्शीचे दोघे भाऊ, ते रेल्वेच्या कारखान्यात होते. नरसय्या मामा, सोलापूरच्या विणकर पेठेतला, तेलुगू घरातला, तिकडं शिंपीकाम करायचा, त्यानं काठीला जरीकाठाची झूल शिवली. लतीफचाचा, त्यांची पावाची भट्टी होती. ते मुसलमान, पण विजापूर वेशीत वाढलेले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, तेच आले. "गड्डा सोलापूर का है, मैं सोलापूर का हूं, और क्या होना?" असं म्हणून त्यांनी काठीला हात घातला. सातवा एक कारकून होता, तो पुढं बदलून किसुमूला गेला. तोवर मी सात वर्षांची झाले होते. समुद्राचं वारं जबर, नुसती काठी तोलता यायची नाही, म्हणून तिला वरून चार दोऱ्या बांधायचे आणि चार बाजूंनी चौघं त्या ताणून धरत बरोबर चालायचे. एक काठी धरणारा, एक पुढं दिवा घेतलेला, एक पत्र्याचा डबा बडवणारा. सात कामं. कारकून गेल्यावर खाडीकडची दोरी अप्पांनी "धर गौरा" म्हणत माझ्या हातात दिली. पोरगी आहे वगैरे विचार करायला तिथं माणसंच कुठं होती? लतीफचाचांनी तर मला बांबूची एक छोटी काठी करून दिली आणि भट्टीमागच्या मोकळ्या जागेत तोलायला शिकवलं. "नजर उप्पर रख बेटा, शेंडे पे. पावां अपने आप चलते." मी पडले, गुडघे फोडून घेतले, आणि शिकले. पुढंमागं हे सगळे म्हातारे झाले की मोंबासाची काठी मलाच धरायची आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. अक्षता मात्र सोलापूरबरोबरच पडल्या पाहिजेत, हा अव्वाचा हट्ट. म्हणून आमच्याकडं त्या सकाळी दहाला पडायच्या, आणि नोकरीवाली माणसं त्या दिवशी आपापल्या साहेबाला काहीतरी थाप मारून उशिरा कामावर जायची.

तर अकराव्या वर्षी दिवाळी झाल्यावर अव्वा आणि मी गड्ड्यासाठी म्हणून सोलापूरला निघालो. अप्पांना रजा नव्हती. आनंदाची गोष्ट होती, पण पेटी भरताना मी बघत बसले. अव्वानं स्वतःची चार लुगडी घेतली आणि माझं सगळं घेतलं. आखूड झालेले परकर, पाटी, बांबूच्या काठीचा पट्टासुद्धा. माझी म्हणून एक वस्तू त्या घरात राहिली नाही. आगबोटीवर डेकमध्ये आमच्या शेजारी एक कच्छी बाई होती, तिला अव्वा सांगत होती, "हिला तिकडंच ठेवायची हाय. हितं पोरींना शाळा न्हाई, हिवताप सोडत न्हाई, पुढं लग्नाचं बघायचं." मी झोपल्याचं सोंग घेऊन ऐकलं. काकांचं आणि अप्पांचं पत्रातून ठरलेलं होतं. माघ संपला की अव्वा एकटी परत जाणार. मी अव्वाला काही विचारलं नाही. विचारलं की ते खरं होईल असं मला वाटलं.

सोलापूरचं घर दुकानाच्या मागं होतं. पुढं गूळ, शेंगदाणे आणि गोणपाटाचा वास, मागं शेणानं सारवलेलं स्वयंपाकघर, आणि त्यात दोड्डव्वा. दोड्डव्वाला मूल नव्हतं. ठेंगणी, रुंद, कपाळभर विभूती, आवाज असा की गल्लीच्या टोकाचा कुत्रा उठून बसावा. तिनं मला पाहिलं, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि म्हणाली, "यव्वा! किती वाळलंय गं हे लेकरू! तिकडं काय वारा खाता काय?" आणि मग जे खायला घालायला लागली ते माघ संपेपर्यंत थांबली नाही. शेंगापोळी, धपाटे, दह्यात कालवलेली शेंगाचटणी, गूळ घातलेली गव्हाची हुग्गी. तिनं माझ्यासाठी भिंतीतला एक कोनाडा रिकामा करून ठेवला होता. त्यात पाटी, नवा कंगवा, आणि इरकली खणाचं पोलकं. त्या कोनाड्याकडं मी पाठ करून बसायची. बाई मायेची होती, त्यात शंका नाही. पण त्या मायेलाच मी घाबरत होते.

मी माझ्या परीनं नालायक ठरायचा प्रयत्न केला. नालायक पोरीला कोण ठेवून घेईल, असा माझा हिशेब. भाकरी थापायला बसवलं की मुद्दाम फाडायची. खरं तर मुद्दाम करायची गरज नव्हती, मला यायचीच नाही. "बघ बघ, आफ्रिकेचा नकाशा केला की हिनं," दोड्डव्वा म्हणायची, "काय न्हाई, शिकंल. माज्याजवळ राहिली की शिकंल." म्हणजे माझं नालायकपण तिला ठेवून घ्यायला आणखी एक कारणच झालं. डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

मग ती भोगी. मोगोवरून झालेलं ते हसणं. जेवणं झाल्यावर मी रागानं बाहेर येऊन ओट्यावर बसले. गावात त्या दिवशी खऱ्या काठ्या निघाल्या होत्या, त्या लांबून वाजतगाजत चालल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या पोरांनीही त्यांची एक लहान काठी सजवली होती, दोन पुरुष उंचीची, वर कागदी फुलं, आणि ती घेऊन ती गल्लीतल्या लिंगापर्यंत चालली होती. काठी धरली होती शेजारच्या सिद्ध्यानं. माझ्याच वयाचा, पण नजर पायाकडं. मी बघताक्षणीच मनात म्हटलं, हा पाडणार. आणि दहाएक पावलांवर काठी कलली. कलली ती चबुतऱ्यावर बसलेल्या बायका-पोरांच्या बाजूला. मी ओरडले, "दोरी! दोरी ताणा!" दोरी कुठं असणार? सोलापुरात काठीला दोऱ्या नसतात. पण मला काय माहीत! दोरी दिसेना तशी मी ओट्यावरून उडी मारली, सिद्ध्याच्या हातातून काठी घेतली, बुंधा कमरेशी रोवला, शेंड्यावर नजर लावली आणि काठी सरळ केली. आणि सरळ झाल्यावर खाली ठेवायची, तर नाही! मी चालायला लागले. मोंबासात काठी सावरली की पुढं चालतात. "हर्र बोला हर्र!" असं ओरडत मी परकर फडफडवत थेट लिंगापर्यंत गेले.

माझ्यामागं कुणीही "हर्र" म्हटलं नव्हतं, हे मला तिथं पोचल्यावर कळलं.  त्या काळी पोरीबाळी काठीला लांबूनच हात जोडायच्या. कोपऱ्यावरचे एक म्हातारे अज्जा पुढं आले आणि हळूच म्हणाले, "कुणी शिकवलं गं पोरी, तुला?" मी छाती काढून सांगितलं, "लतीफचाचांनी." अज्जांनी भुवया वर केल्या. "तिकडं बायका काठी धरत्यात व्हय?" "तिकडं माणसंच सात हायत," मी म्हटलं, "त्यातली एक मी."  अज्जांनी काठी माझ्याकडून घेतली, पण घेण्याआधी वर शेंड्याकडं पाहिलं, तो जरासुद्धा हलत नव्हता. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, ते बहुतेक हसू दाबत होते. पण दुकानाच्या दारात काका उभे होते आणि ते हसू दाबत नव्हते.

काका वाईट नव्हते. अब्रूला जपणारे, कमी बोलणारे, चूक दिसली की दुरुस्त करणारे. दिवे लागल्यावर त्यांनी सोप्यावर, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून सांगितलं, "बघितलं न्हवं? हे असं होतंय. तिकडं राहिली तर पोरगी हातची जाईल. आता त्यात बदल न्हाई. उन्हाळा सरला की शाळेत घालू, दोन वर्षांनी स्थळ बघू." अव्वा दाराआड उभी होती. भावजयीनं मोठ्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही ही तेव्हाची रीत. काही सांगायचं तर दोड्डव्वाच्या तोंडून. अव्वानं पदर पुढं ओढला आणि "हं" म्हणाली. त्या "हं"नं माझं सगळं संपलं. मी माझ्या कोनाड्याखाली जाऊन बसले आणि कुणी जेवायला बोलावलं तरी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षता. तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. दोड्डव्वानं कोपरानं वाट काढत आम्हाला बायकांच्या घोळक्यात पुढं नेऊन उभं केलं. सात काठ्या आल्या. मी आयुष्यात एकच मोठी काठी पाहिली होती, आणि ती आमच्या छपरापेक्षा थोडीशी उंच. ह्या सात जणू आभाळात टेकल्या होत्या, आणि खाली धरणारे चालत होते ते पायाखाली न बघता. लतीफचाचा म्हणाले होते अगदी तसं. माझा राग, भूक, सगळं विसरून मी बघत राहिले. खोटं कशाला बोलू, असलं सुंदर काही मी परत पाहिलं नाही. अव्वा माझा हात घट्ट धरून उभी होती. बारा वर्षं ज्या घटकेसाठी ती घड्याळाकडं बघत होती, ती घटका आली. मंत्र झाले, आणि हजारो हात एकदम वर गेले. अंगावर, डोक्यावर, पाण्यावर अक्षतांचा सडा. माझ्या टाकून झाल्या. दोड्डव्वाच्या झाल्या. अव्वाची मूठ मिटलेलीच.

"अव्वा, टाक की," मी म्हटलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे भरलेले. मला वाटलं, आनंदानं. ती म्हणाली, "तिकडं आता दहा वाजले." मग बोटं मोजायला लागली. "दिवा एक, डबा एक, काठी एक. तीन दोऱ्यांना तिघं. आन्‌ खाडीकडची दोरी?" तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "तुजी दोरी कुणी धरली असंल गं?" एवढ्या गर्दीत, एवढ्या "हर्र"च्या आरोळ्यांत ती बाई वाकून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी अकरा वर्षांची, तिच्या खांद्याएवढी, काय करणार? मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सगळ्यांच्या अक्षता पडून गेल्यावर तिनं मूठ उघडली, आणि तिच्या अक्षता एकट्याच पडल्या. दोड्डव्वा शेजारीच होती. तिनं सगळं ऐकलं आणि मान दुसरीकडं वळवली.

मला पुष्कळदा वाटतं, माणूस परदेशी कधी होतो? तिकीट काढलं की होतो, असं लोक समजतात. माझी अव्वा बारा वर्षं मोंबासात राहून सोलापूरचीच होती. ती परदेशी झाली त्या दुपारी, आपल्या गावात, तळ्याकाठी.

त्या संध्याकाळी चुलीपुढं अव्वा दोड्डव्वाला म्हणाली, "अक्का, भावजींना तुमीच सांगा. गौराला मी घेऊन जाते." मी दाराशी शेंगा फोडत होते, हात तिथंच थांबले. दोड्डव्वानं चुलीवरचं भांडं उतरवलं. मग म्हणाली, "मी न्हाई सांगणार. तुला देवानं दिलीय, तू हिला बघत आलीस अकरा वर्षं. मला दोन महिने झाले. मी कुठल्या तोंडानं सांगू, की हिला न्या म्हणून? माज्याच्यानं व्हायचं न्हाई." आणि पदर तोंडाला लावून परसात निघून गेली. अव्वा तिच्यामागं गेली नाही. सांगणार तर दोड्डव्वाच, आणि तिला सांगवत नव्हतं. त्यापुढं तीन आठवडे ह्या विषयावर त्या घरात कुणी चकार शब्द काढला नाही. दोड्डव्वा मला पूर्वीसारखीच खाऊ घालत होती, वेणी घालताना मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ लावत होती. मी भाकरी फाडायचं सोडून दिलं होतं. करावंसंच वाटेना.

माघात अप्पांचं पत्र आलं. पत्रं काकाच वाचायचे, सोप्यावर, चष्मा लावून, मोठ्यानं, आणि आम्ही बायका दाराआडून ऐकायचो. तब्येत, पाऊस, गोदामातला नवा साहेब, घड्याळ अजून सोलापूरच्याच वेळेवर आहे, हे सगळं झालं. मग काका वाचू लागले. "यंदाही काठी उभी केली. वारं फार होतं. माणसं सहा, कामं सात. गौराची दोरी लतीफभाईंनी अंगणातल्या नारळाला बांधली. काठी पडली नाही. पण नारळ चालत नाही. त्यामुळे यंदा मिरवणूक झाली नाही, काठी जागच्या जागी उभी राहिली. आम्ही सहाजण तिच्याभोवती उभे होतो. मग आपापल्या कामाला गेलो. गौरानं नीट शिकावं. मन लावून राहावं."

काका थांबले. पुढं आणखी मजकूर होता, तो त्यांनी वाचला नाही. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, परत काढला. धाकट्या भावाला त्यांनी बोट धरून शाळेत पोचवलं होतं, हे मला पुढं खूप वर्षांनी कळलं. त्यांनी दाराकडं पाहिलं. अव्वाकडं पाहायची सोय नव्हती, माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी दोड्डव्वाकडं पाहिलं आणि विचारलं, "काय करायचं?"

काकांनी दोड्डव्वाला काही विचारल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. दोड्डव्वा उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर सुपात जोंधळे. ती जोंधळे निवडत राहिली. एक खडा काढून टाकला, आणखी एक टाकला. मग वर न बघता म्हणाली, "माज्याकडं काय बघताय? दोघींची तिकिटं काढा की."

अव्वाच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. काका पत्राची घडी घालून दुकानात गेले. मी पळत जाऊन दोड्डव्वाच्या गळ्यात पडणार होते, पण तिनं मला हातानं अडवलं. सूप बाजूला ठेवलं, उठली, स्वयंपाकघरात गेली. डब्यातलं जोंधळ्याचं पीठ परातीत काढलं, चुलीत लाकडं सारली. आगबोटीच्या वाटेला कडक भाकरी लागतात, त्या आधी थापायच्या, मग निखाऱ्याशेजारी उभ्या करून कडक वाळवायच्या, दोघींना पुरतील एवढ्या करायला चार-पाच दिवस जातात. मी दाराशी उभी होते. तिचे डोळे लाल होते, धुरानं म्हणायची सोय नव्हती, जाळ अजून पेटलाच नव्हता. तिनं परातीसमोरचा पाट पायानं माझ्याकडं सरकवला.

"उभी काय राहिलीस? बस हितं," ती म्हणाली. "एवढं तरी शिकून जा."